टोकाच्या परिस्थितीत जगणारे प्राणी: प्रदर्शन बघणाऱ्याला नेमकं काय जाणवायला हवं?

टिटवी
नमस्कार मंडळी. आमच्या गटाकडे एका निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या फिरत्या प्रदर्शनाचं काम आलंय. विषय: टोकाच्या परिस्थितीत जगणारे प्राणी. कडाक्याची थंडी, भाजणारी वाळू, समुद्राचा तळ, विरळ हवा, मिट्ट काळोख, जिथे आपण काही मिनिटंही टिकणार नाही तिथे ज्यांचं रोजचं आयुष्य चाललेलं असतं ते सगळे. पाच दालनं आहेत आणि मागणी अशी की सगळं 'इमर्सिव्ह' हवं. माणूस काचेबाहेर उभा राहून पाटी वाचणार नाही, तो त्या जागेत शिरेल.

सध्या टेबलावर जो आराखडा आहे तो विक्रमांचा आहे. सगळ्यात खोल, सगळ्यात उंच, सगळ्यात गरम, प्रत्येक भिंतीवर एक चॅम्पियन आणि भला मोठा आकडा. मला तो पटत नाहीये. आकडा वाचून माणूस 'बापरे' म्हणतो आणि पुढच्या बापरेकडे जातो. मला हवंय की त्या प्राण्याला तिथे जगायला काय लागतं आणि त्याबदल्यात त्याने काय गमावलंय हे अंगाला कळावं.

तर प्रश्न दोन. दालनं प्राण्यांनुसार लावावीत की परिस्थितीनुसार? आणि आत शिरल्या शिरल्या पहिलं काय दिसावं? अनुभव, मतं, भांडण, सगळं चालेल.

रानवाट
परिस्थितीनुसार. डोळे झाकून. थंडीच्या दालनात एम्परर पेंग्विन, अंटार्क्टिकातला आइसफिश आणि गोठणारा वूड फ्रॉग असे तिघं शेजारी ठेवले की आपोआप कळतं, प्रश्न एकच आणि उत्तरं तीन. पेंग्विन घोळका करून ऊब धरतो, आइसफिशच्या रक्तात गोठणरोधक प्रथिनं असतात आणि बेडूक तर सरळ गोठूनच जातो, शरीरातलं दोनतृतीयांश पाणी बर्फ होतं, हृदय बंद, श्वास बंद, आणि वसंतात वितळून उड्या मारायला लागतो. पेशींच्या आत बर्फ होऊ नये म्हणून तो रक्तात ग्लुकोज ओततो. प्राण्यांनुसार लावलं तर हे तिघं तीन दालनांत विखुरतील आणि गंमतच जाईल.

गोगलगाय
वाचतेय. धाग्याला खूण.

कातरवेळ
'इमर्सिव्ह' शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ चार प्रोजेक्टर, धुराचं मशीन आणि कानठळ्या बसवणारं संगीत. मुलं भिंतीवरच्या माशांमागे धावतात, बाहेर येतात, विचारा कुठला मासा होता, माहीत नाही.

आणि हे काही नवीनही नाही. प्राण्यांचे देखावे घडवणाऱ्या कार्ल एकलीने अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या संग्रहालयात १८९० साली मस्करॅटचा, म्हणजे पाणथळीत राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचा देखावा केला, पाण्याखालचं घर, वरचं दलदलीचं गवत, मागे रंगवलेलं आकाश. त्यात एक वायर नाही, एक बटण नाही. तरी माणूस त्यासमोर वाकून बघत राहतो. शिरायला लावणं हे नीट निरीक्षणातून येतं, यंत्रांतून नाही.

साधासुधा
कातरवेळ, देखावे मलाही आवडतात पण ते डोळ्यांपुरतेच. टिटवीताईंचा विषय असा आहे की डोळ्यांना दिसण्यासारखं फार थोडं आहे त्यात. आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही हे देखाव्यात कसं दाखवणार? मासा नुसता पांढुरका दिसेल. व्हीआर वापरा की सरळ! डोक्याला लावला हेडसेट की थेट समुद्राच्या तळाशी.

वेधशाळा
व्हीआरचा हिशेब करून बघा. दहा हेडसेट, प्रत्येकी सहा मिनिटांचा अनुभव, दोन मिनिटं पुसायला आणि बसवायला. तासाला ७५ माणसं. गर्दीच्या दिवशी दालनात तासाला तीनशे येत असतील तर सव्वादोनशे लोक फक्त रांग बघणार. शिवाय काहींना चक्कर येते, लहान मुलांच्या डोक्याला तो नीट बसत नाही, आणि माझा खरा आक्षेप म्हणजे माणूस एकटा पडतो. प्रदर्शनात लोक जोडीने, कुटुंबाने, वर्गाने येतात, एकमेकांना कोपर मारून 'हे बघ' म्हणतात, त्यातच निम्मं शिकणं होतं. हेडसेट ते कोपर काढून घेतो.

मी प्रकाशयोजनेचं काम करते म्हणून एक वेगळा मुद्दा, जो आराखड्याच्या पहिल्या दिवशी ठरला नाही तर नंतर काही करता येत नाही. माणसाचा डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो. तुम्ही लखलखीत पांढऱ्या बर्फाच्या दालनातून लोकांना थेट खोल समुद्रात ढकललंत तर त्यांना काहीच दिसणार नाही, ते ठेचकाळतील, मग सुरक्षावाले म्हणतील दिवे वाढवा, आणि वाढवले की खोल समुद्र संपला. म्हणून दालनांचा क्रम उजेडाने ठरवा. वाळवंट पहिलं, सगळ्यात प्रखर. मग थंडी, पण ध्रुवीय रात्रीची, निळसर मंद. मग उंचावरची पहाट, मग जमिनीखालचं बीळ, आणि सगळ्यात शेवटी समुद्र. उजेड दर दालनाला थोडा थोडा उतरत गेला पाहिजे, कुणाच्या लक्षात न येता. शेवटच्या दालनात पोचेपर्यंत त्यांचे डोळे आपोआप तयार झालेले असतील आणि मग अगदी क्षीण निळा ठिपका लुकलुकला तरी तो दिसेल. खोल समुद्रातल्या बहुतेक प्राण्यांचा प्रकाश निळाच असतो, तेव्हा हे खरंही आहे.

अजून एक, त्या दालनात लाल टॉर्च द्या. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, म्हणून तळाकडचे कितीतरी प्राणी लालभडक असतात आणि तिथे तो लाल काळाच दिसतो, म्हणजे लपायला उत्तम. पण मॅलकोस्टियस नावाचा ड्रॅगनफिश डोळ्यांखालून स्वतःचा लाल प्रकाश टाकतो आणि तो बघूही शकतो. बाकीच्यांना पत्ता नसतो. टॉर्च हातात घेऊन फिरणाऱ्या मुलाला जे लाल कोळंबे अचानक दिसतील ते टॉर्चशिवाय दिसणारच नाहीत. लाल उजेडाने सरावलेले डोळे फारसे बिघडतही नाहीत.

रानवाट
वेधशाळा, दंडवत. हा एक प्रतिसाद अख्ख्या आराखड्याइतका आहे.

टिटवी
खरंच! क्रमाचा विचार आम्ही फक्त कथेच्या अंगाने करत होतो. उजेडाची उतरण आजच आराखड्यात घालते.

खडूफळा
मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. एक कळकळीची विनंती, पाट्यांवर 'उंटाने वाळवंटात राहण्यासाठी स्वतःमध्ये बदल केले' असलं काही लिहू नका. मुलांच्या डोक्यात हे इतकं घट्ट बसलेलं असतं की प्राण्याला गरज पडली, त्याने मनावर घेतलं, आणि बदलला. उत्क्रांती तशी चालत नाही. पिढ्यानपिढ्या थोडे वेगळे वेगळे जीव जन्मत गेले, बहुतेक मेले, ज्यांचं जमलं त्यांची पिल्लं उरली. प्रदर्शनात फक्त उरलेले दिसतात म्हणून सगळं ठरवून केल्यासारखं वाटतं.

मला वाटतं एका भिंतीवर हे न उरलेले दाखवावेत. समजा सहारातली चंदेरी मुंगी. भर दुपारी सरडे बिळात गेले की ही बाहेर पडते, उन्हाने मेलेले किडे गोळा करायला. तिचं शरीर साधारण ५३ अंशांपर्यंत सहन करतं, अंगावरचे केस त्रिकोणी छेदाचे असतात आणि ऊन परतवतात, हे २०१५ साली नीट मोजलं गेलं. आता मुलांच्या हातात खेळ द्या: शंभर मुंग्या, कुणाचे केस दाट, कुणाचे विरळ, कुणाचे पाय लांब. ऊन वाढवा. किती परत आल्या? त्यांच्याच पिल्लांची पुढची फेरी. चारपाच फेऱ्यांत मुलाला स्वतःहून कळेल की एकाही मुंगीने काही 'केलं' नाही.

पिंपळपान
खडूफळा सर, +१. त्या मुंगीचं अजून एक, ती मधूनमधून वाळक्या काडीवर चढते, कारण जमिनीपासून जरा वर हवा बरीच थंड असते. हे दाखवायला एलईडी भिंत नको. एक उबदार पट्टी जमिनीलगत, दुसरी वीतभर वर, दोन्हीवर हात ठेवून बघा. (उबदार म्हणजे हात भाजणार नाही इतकीच, नाहीतर वकील येतील.)

अनवाणी
मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर वाचतोय. वेधशाळा यांचा प्रकाशाचा मुद्दा इतरांसाठी उत्तम, पण या धाग्यावर आत्तापर्यंत चर्चा बहुतेक डोळ्यांची झालीये आणि विषय तर असा आहे की ज्यात डोळे बिनकामाचे ठरलेले कितीतरी प्राणी आहेत.

स्टार नोज्ड मोल, म्हणजे बिळात राहणारा चिचुंद्रीसारखा प्राणी, त्याचं नाक घ्या. बावीस मांसल बोटांसारखे फुटवे आणि त्यावर पंचवीस हजारांहून जास्त स्पर्शेंद्रियं, इतक्याशा जागेत. खाण्यासारखं काही आहे का हे ओळखून गिळून टाकायला त्याला सरासरी सेकंदाचा पाव भागही लागत नाही. ते नाक माणसाच्या उंचीचं करा, मऊ, उबदार, दोन्ही हातांनी चाचपता येईल असं. आणि शेजारी बंद पेटीत आळी, खडा, बी असं काहीबाही ठेवून ओळखायला सांगा, घड्याळ लावून. मी तिथे डोळसांना हरवेन आणि मला ते आवडेल.

बहुतेक संग्रहालयांत माझ्यासाठी म्हणून एक स्पर्शाचं टेबल असतं, कोपऱ्यात, बाकी प्रदर्शन काचेआड. तुमच्याकडे संधी आहे की स्पर्श हाच मुख्य रस्ता असेल. बिळाच्या दालनात आणि समुद्रात तर नक्कीच. वाटेला हाताला लागेल अशी दोरी किंवा कठडा ठेवा आणि कठड्यालाच मजकूर असू द्या, ब्रेल आणि उठावाची अक्षरं, सगळ्यांनाच उपयोगी पडेल अंधारात.

टिटवी
अनवाणी, कठड्यालाच मजकूर! हे घेतेच. स्टार नोज्ड मोलला बिळाच्या दालनाच्या मध्यभागी आणते, आत्ता तो एका फलकावर चित्रापुरता होता. तुम्हाला मॉडेलची पहिली कच्ची प्रत हाताळून मत देता येईल का? व्यक्तिगत निरोप पाठवते.

अनवाणी
आनंदाने.

साधासुधा
बरं व्हीआर सोडलं. पण मँटिस श्रिंप हवाच, तो कोळंबीसारखा समुद्री प्राणी. डोळ्यांत बारा का सोळा प्रकारच्या रंग ओळखणाऱ्या पेशी, आपल्याला तीन! त्याला दिसणारं जग केवढं रंगीत असेल, अख्खी भिंत रंगांनी पेटवा.

पिंपळपान
थांबा थांबा. हे नेटवर फार फिरतं पण २०१४ मध्ये प्रयोग करून बघितला तेव्हा जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा बराच कच्चा निघाला. बहुधा तो रंगांची बारीक तुलना करतच नाही, पटकन ओळखून मोकळा होतो. म्हणजे पेशी जास्त म्हणून जग जास्त रंगीत, हे गणित चुकतं. त्याचा ठोसा मात्र दाखवा. सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेग, तोही पाण्यात, आणि त्या झटक्याने पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात त्याचा दुसरा तडाखा शिंपल्याला बसतो.

तसंच टार्डिग्रेडचं, त्या शेवाळात राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्याचं. 'अमर', 'काहीही झालं तरी मरत नाही' वगैरे. तो टिकतो ते वाळून गोळा झाल्यावर. त्या अवस्थेत २००७ साली अंतराळातल्या निर्वातातून जिवंत परत आले, अंटार्क्टिकातल्या शेवाळात तीस वर्षं गोठलेले पुन्हा चालायला लागले. पण जागेपणी, ओल्यात, ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात दिवसभर ठेवले तर एका जातीचे निम्मे मेले, डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. ही दुसरी बाजू पाटीवर हवीच, नाहीतर तो प्राणी न राहता कॉमिकमधला हिरो होतो.

कातरवेळ
पिंपळपान, पूर्ण सहमत. आणि टार्डिग्रेड जिवंत दाखवा. सूक्ष्मदर्शक, ओलं शेवाळ आणि शेजारी मदतीला एक माणूस. मुलाने स्वतः फोकस फिरवून ते आठ पायांचं बटबटीत अस्वल शोधलं की प्रोजेक्टरची गरज नाही.

निशाचर
जिवंत प्राण्यांबद्दल सावध. टार्डिग्रेड ठीक. पण कुणी नेकेड मोल रॅटची, म्हणजे बिळात राहणाऱ्या बिनकेसांच्या उंदरासारख्या प्राण्यांची वसाहत ठेवायचं म्हणत असेल तर थरथरणाऱ्या जमिनीपासून आणि स्पीकरपासून दूर. ते जमिनीतल्या कंपनांवर जगतात, तुमचा सब-वूफर म्हणजे त्यांच्या घरावर रोज सकाळी दहा ते सहा भूकंप.

त्यांच्याबद्दल दाखवायचं तर ऑक्सिजनशिवाय अठरा मिनिटं हे दाखवा. २०१७ सालचा प्रयोग. ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोजवर मेंदू चालवतात, त्याला ऑक्सिजन लागत नाही. शेकडो जण एका बंद बिळात एकमेकांवर झोपतात म्हटल्यावर हवा कमी पडणं रोजचंच.

रानवाट
विरळ हवेचं काय करणार पण? पट्टकादंब (बार-हेडेड गूज, हंसासारखा पक्षी) हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्या वर उडताना नोंदलेत. दालनातला ऑक्सिजन तर कमी करता येणार नाही.

वेधशाळा
करूही नये. जी गोष्ट अनुभवायला देता येत नाही ती देता येत नाही असं स्पष्ट ठेवलेलं बरं. पायऱ्या चढायला लावा, बोटाला नाडी मोजणारा चिमटा, पडद्यावर तुमचे ठोके आणि शेजारी पंख मारणारा पट्टकादंब. फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरतं, एवढं दाखवलं तरी पुष्कळ. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी तेच हाताने फिरवायच्या चाकावर.

गोगलगाय
दाबासाठी थर्माकोलचे कप! समुद्रशास्त्रज्ञ खोल पाण्यात सोडणाऱ्या उपकरणांना कप बांधून खाली पाठवतात, वर येतात तेव्हा बाहुलीच्या भांड्याएवढे झालेले असतात, त्यावरची चित्रंसुद्धा जशीच्या तशी आकसलेली. आठ हजार मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला आठशे किलोच्या वर भार. साधा कप आणि आकसलेला कप हातात द्या, आणि मग मारियाना गर्तेतला स्नेलफिश दाखवा, मऊ, गुलाबीसर, खवलेही नसलेला, नाजूक. तिथे तो शिकार करून खातो. मला यापेक्षा जास्त इमर्सिव्ह काही सुचत नाही.

साधासुधा
आणि ब्लॉबफिश! तो ढासळलेल्या नाकाचा.

गोगलगाय
तो तसा नसतोच हो. हजार मीटरच्या आसपास त्याच्या घरी तो साधारण माशासारखाच दिसतो. तो फोटो दाबातून एकदम वर ओढल्यावरचा आहे. २०१३ मध्ये जगातला सर्वात कुरूप प्राणी म्हणून निवडला बिचाऱ्याला. आपल्याला कुणी तिकडे नेऊन फोटो काढला असता तर आपणही स्पर्धा जिंकली असती.

खडूफळा
हाहा, हे वर्गात सांगणार.

कातरवेळ
गोगलगाय यांनी गंमतीत मोठा मुद्दा काढला. 'टोकाची परिस्थिती' कुणाची? आपण आपलं शरीर मध्यभागी ठेवून मोजतोय. टिटवी यांनी विचारलंय पहिलं काय दिसावं. माझ्या डोक्यात होतं की पहिलं दालन माणसाचं असावं, आपल्या मर्यादा, आपण किती खोल, किती उंच, किती गरम. आता वाटतंय त्याने तर हाच समज पक्का होईल.

निशाचर
असू दे की. येणारा माणूस स्वतःचंच शरीर घेऊन येतो, सुरुवात तिथूनच होणार. पण शेवट तिथे होऊ नये. युक्सक्युल नावाचा जीवशास्त्रज्ञ म्हणायचा की प्रत्येक प्राण्याचं जग त्याच्या इंद्रियांएवढंच असतं, गोचिडीचं जग म्हणजे घामाचा वास, ऊब आणि कातडीचा स्पर्श, बाकी झाडं आकाश तिच्यासाठी नाहीतच.

म्हणून माझी सूचना: समुद्रानंतर एक शेवटची छोटी खोली. आपली नेहमीची खोली. खुर्ची, खिडकी, पंचवीस अंश, साधा उजेड, साधी हवा. आणि पाट्या अशा की इथे कोण मरेल. अंटार्क्टिकातले काही मासे सहासात अंशांच्या पाण्यातच मरतात, त्यांना ही खोली भट्टी. स्नेलफिशला इथे दाबच नाही. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी राहणारा ट्यूबवर्म, १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सापडलेला, तोंड नाही पोट नाही, आतल्या जिवाणूंवर जगतो आणि त्या जिवाणूंना हायड्रोजन सल्फाइड लागतो, तो इथे उपाशी. या खोलीत बसलेला माणूस हाच टोकाचा प्राणी.

वेधशाळा
निशाचर, हे जबरदस्त आहे आणि प्रकाशाच्या दृष्टीने सुद्धा बरोबर, कारण समुद्रातून बाहेर पडताना डोळ्यांना परत सरावायला जागा हवीच होती. खुर्च्या जास्त ठेवा. संग्रहालयातल्या थकव्याबद्दल गिलमन या संग्रहालयतज्ज्ञांनी १९१६ सालीच लिहून ठेवलंय आणि आपण अजून लोकांना तासभर उभंच ठेवतो.

पिंपळपान
आणि गमावलेलं काय, हा टिटवीताईंचा मूळ मुद्दा मागे पडलाय. प्रत्येक दालनात एक पाटी फक्त किमतीची हवी. आइसफिशला हिमोग्लोबिन नाही म्हणून हृदय मोठं आणि रक्त जास्त खेळवावं लागतं, ते थंड पाण्यातच परवडतं कारण थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो. एम्परर पेंग्विनचा नर दोनेक महिने अंडं पायांवर घेऊन उभा राहतो, काही न खाता. हे 'सुपरपॉवर' नाहीत, सौदे आहेत.

टिटवी
सगळं लिहून घेतलंय. परिस्थितीनुसार दालनं, उजेडाने क्रम, कठड्यावर मजकूर, किमतीची पाटी, सहावी खोली (पाचात बसवण्यासाठी समुद्राचं दालन थोडं कापावं लागेल, कापते). प्रवेशाला फक्त एक थर्मल कॅमेरा (शरीराची ऊब दाखवणारा) आणि त्यात तुम्ही स्वतः, नाव-आकडा काही नाही. मुंग्यांचा खेळ वाळवंटात, सूक्ष्मदर्शक थंडीत. शांत वेळेचा एक तास आणि गडद दालन टाळून जाणारी वाट, हेही आराखड्यात आहे.

एक अडलंय. क्युविए बीक्ड व्हेल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद, २२२ मिनिटांची बुडी. हे आकड्याशिवाय कसं सांगायचं?

अनवाणी
सांगू नका, घडू द्या. समुद्राच्या दालनात सकाळी दहा वाजता तो श्वास घेऊन बुडताना मोठ्ठा आवाज. मग त्याचे क्लिक ऐकू येत राहतील, आपल्याला ऐकू येतील इतके खाली आणलेले. तो वर येईल एक वाजून बेचाळीस मिनिटांनी. बहुतेक लोक तोवर निघून गेलेले असतील. ज्यांना ऐकायचंय ते परत येतील.

रानवाट
पण हा विक्रम आहे, नेहमीची खोल बुडी तासाभराची असते. तेही कळायला हवं ना?

अनवाणी
मग दिवसात एकच लांब बुडी, बाकी तासाभराच्या. प्रत्येक बुडीची वेळ कठड्यावर.

टिटवी
वेळापत्रक करून इथेच टाकते. बंद व्हायच्या आधी शेवटचा श्वास ऐकू आला पाहिजे, नाहीतर रात्रपाळीचा रखवालदार घाबरेल.